बातमीच्या शेजारची जागा

वर्तमानपत्र कसे वाचावे, यावर आपल्याला उपदेश पुष्कळ मिळतो. आधी अग्रलेख वाचावा, मग लेख, मग देशविदेशच्या घडामोडी. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी तर तांबड्या-हिरव्या शाईने खुणा कराव्यात. कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या आसपास मात्र वाचनाची निराळीच रीत आहे. सकाळच्या पाळीच्या वेळी चहाच्या गाड्यावर एकच अंक असतो. त्याची पाने सुटी होतात, हातोहात फिरतात, आणि सर्वांत जास्त डोकी ज्या पानावर वाकलेली दिसतात ते पान छोट्या जाहिरातींचे असते. 'पाहिजेत : सीएनसी ऑपरेटर, फिटर, वेल्डर, हेल्पर. समक्ष भेटा.' अग्रलेखाचे पान तोवर भजी बांधायला गेलेले असते!

या वाचकांना कोणी सुजाण वाचक म्हणत नाही. पण मला वाटते, वर्तमानपत्राची खरी बांधणी त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळलेली आहे. जाहिरात ही बातमीच्या शेजारी उरलेल्या जागेत येऊन बसते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात घडते ते उलट. दुसऱ्या दिवशीच्या अंकाची पाने आखायला घेतली की पहिल्यांदा जाहिरात विभागाकडून 'डमी' येते. तीत कोणत्या पानावर कोणती जाहिरात, किती स्तंभ रुंद, किती सेंटीमीटर उंच, हे आखलेले असते. जे पांढरे राहील ते संपादकांचे. तेवढ्यात अतिवृष्टी, विधानसभा, कुस्तीचे मैदान आणि निधनवार्ता बसवायच्या. रात्री एखादी मोठी जाहिरात आली, तर रद्द होते ती बातमी. मोठी बातमी आली म्हणून जाहिरात रद्द झाल्याचे क्वचितच ऐकू येते.

आम्हांला व्यावहारिक मराठीत जाहिरातलेखन शिकवतात. आकर्षक मथळा हवा, भाषा चटकदार हवी, वगैरे. ते उपयोगाचे आहे, नाही असे नाही. पण जागेचा हिशोब कोणी शिकवीत नाही, आणि सारी गंमत तर त्या हिशोबातच आहे. मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राच्या एका पानाची छापील जागा साधारण तेहतीस सेंटीमीटर रुंद आणि बावन्न सेंटीमीटर उंच असते; म्हणजे सतराशे चौरस सेंटीमीटरांच्या आसपास. समजा, एखाद्या आवृत्तीचा दर चौरस सेंटीमीटरला शंभर रुपये आहे. मग पूर्ण पानाची किंमत झाली एक लाख सत्तर हजार. पहिल्या पानावर हवी असेल तर दर चढा, रंगीत हवी असेल तर आणखी चढा, अमुक बातमीच्या शेजारीच हवी असेल तर त्याचेही वेगळे पैसे. दरपत्रकावर जे छापलेले असते ते जवळजवळ कोणीच देत नाही; घासाघीस होते. जाहिरात एजन्सीमार्फत आली तर एजन्सीचे शेकडा पंधरा टक्के परंपरेने ठरलेले. छोटी जाहिरात मात्र शब्दांवर किंवा ओळींवर. म्हणून तर तिची भाषा तारेसारखी तुटक असते आणि 'त्वरित' हा शब्द तिच्यात कधी चुकत नाही!

आता हे पैसे जाहिरातदार कशासाठी मोजतो? कागदासाठी खचित नव्हे. तो मोजतो तुमच्या-माझ्यासाठी. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे चटकन कळेल, कारण आपल्याकडे दूध संस्था आहेत. गल्लोगल्लीचे लिटर-दोन लिटर दूध गोळा होते, त्याची फॅट बघितली जाते, आणि मग ते टँकरने मुंबईला जाते. वर्तमानपत्रही तसेच गावोगावचे वाचक गोळा करते आणि घाऊक भावाने जाहिरातदाराला घालते. वाचकांचे माप खोटे असू नये म्हणून १९४८ साली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था स्थापन झाली. सभासद वर्तमानपत्रांचा खप ती दर सहा महिन्यांनी तपासून दाखला देते. फॅट कोणाची जास्त लागते? ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याची. मोटार घेऊ शकणारा वाचक आणि हेल्परची जागा शोधणारा वाचक अंकासाठी सारखीच किंमत देतात, पण जाहिरातीच्या बाजारात त्यांचा भाव सारखा नसतो. पुरवण्यांतून घर, सोने, गाडी आणि पर्यटन यांचे कौतुक का आणि कंत्राटी कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीची माहिती क्वचितच का, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग जाहिराती बंदच कराव्यात. महात्मा गांधींनी 'यंग इंडिया', 'नवजीवन' आणि 'हरिजन' जाहिरातींवाचून चालविली. पण ती गांधींची पत्रे होती. रोजच्या दैनिकाचे काय होते, हे आपल्याच मराठी मुलखातल्या एका खटल्यात फार स्पष्ट झाले आहे. आश्चर्य असे की हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो आणि मराठीच्या विद्यार्थ्यांच्या कानांवरही नसतो.

डॉ. नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात १ जानेवारी १९३२ रोजी 'सकाळ' सुरू केला. पुढे केंद्र सरकारने १९५६ चा किंमत व पृष्ठे यांविषयीचा कायदा केला आणि त्याखाली १९६० साली आदेश काढला : वर्तमानपत्राने अमुक किमतीला अमुकच पाने द्यावीत, आणि जाहिरातींना किती जागा द्यायची यावरही नियंत्रण. हेतू वरकरणी चांगला होता. बड्या भांडवलदारी पत्रांनी स्वस्तात जाडजूड अंक देऊन छोट्या पत्रांचा गळा घोटू नये, हा तो हेतू. त्या वेळी 'सकाळ' आठवड्यातले पाच दिवस सहा पानांचा आणि एक दिवस चार पानांचा निघे, किंमत सात नवे पैसे. रविवारचा अंक दहा पानांचा, बारा नव्या पैशांना. अंकातली सुमारे चाळीस टक्के जागा जाहिरातींची. नव्या आदेशाप्रमाणे त्याच सात पैशांत सहा दिवसांची चौतीस पाने देता येईनात. चोवीसच देता येत होती. चौतीसच द्यायची तर किंमत वाढवा! 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच्याबरोबर वाचकांनीही अर्ज केले. २५ सप्टेंबर १९६१ रोजी न्यायमूर्ती मुधोळकरांनी निकाल वाचला आणि तो कायदा व आदेश घटनाबाह्य ठरले. त्या निकालातला जाहिरातींविषयीचा युक्तिवाद साधा आहे : जाहिरातींची जागा कमी केली की अंकाची किंमत चढणार, किंमत चढली की खप उतरणार, आणि खप उतरणे म्हणजे विचार पोहोचविण्याच्या स्वातंत्र्यालाच कात्री.

तात्पर्य, मोटारीची जाहिरात देणारा कंपनीवाला चहाच्या गाड्यावरच्या अंकाचे पैसे भरीत असतो. हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. नाहीतर आपले बोलणे वक्तृत्व स्पर्धेतल्या भाषणासारखे होईल.

पण पैसे भरणारा आणि जागा देणारा या दोघांतच सौदा होत असल्यामुळे तिसऱ्याला जागा नाकारलीही जाते. त्याचे उदाहरण थेट आपल्या कागलशी नाते सांगणारे आहे. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले राजर्षी शाहू महाराज यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाक्षिक काढण्यासाठी अडीच हजार रुपये दिले, आणि ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात 'केसरी'कडे पाठविली, तर पैसे देऊनही ती छापली गेली नाही, अशी नोंद आंबेडकरांच्या चरित्रात आहे. लेख नाकारला असता तर संपादकीय मतभेद म्हणता आला असता. इथे रोख पैसे देऊन घ्यायची चार ओळींची जागाच नाकारली. जागा विकणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, ती या चार ओळींत दिसते. याच १९२० साली किर्लोस्करवाडीला शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. ज्याच्याजवळ कारखाना आहे त्याला जागा मागावी लागत नाही, तो आपले पत्रच काढतो. आणि मोठ्या मनाचा संपादक मिळाला तर नांगराच्या कारखान्याच्या माहितीपत्राचे पुढे एका पिढीला वळण लावणारे मासिकही होते. पण असा योग दर कारखान्याच्या नशिबी नसतो.

आता आजच्याकडे. या वार्षिकांकासाठी जाहिराती गोळा करायला मी आणि माझी मैत्रीण पावतीपुस्तक घेऊन पंचतारांकितमध्ये हिंडलो. एका कारखान्याच्या कचेरीत व्यवस्थापकांनी चहा दिला, अंकाच्या किती प्रती छापता ते विचारले आणि म्हणाले, "पोरींनो, जाहिरात देतो, पण आमच्या झाडे लावण्याच्या कार्यक्रमाचा फोटो आत घ्याल का?" आम्ही सरांना विचारून सांगतो म्हटले. सर नाही म्हणाले. जाहिरात गेली. साहेब वाईट नव्हते. त्यांनी फक्त बाजारात रूढ असलेला भाव आम्हांला सांगितला. जाहिरातीबरोबर बातमी वर, कोथिंबिरीसारखी.

हा भाव कुठून आला, ते आमच्या गावाकडच्या एका वार्ताहर काकांनी समजावून दिले. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचे मानधन जे मिळते त्यात मोटारसायकलचे पेट्रोलही निघत नाही. त्याची खरी मिळकत जाहिरातींवरच्या कमिशनची. दिवाळी अंक, वर्धापनदिनाची पुरवणी, नेत्याचा वाढदिवस, दहावी-बारावीचा निकाल, अशी त्याची वर्षभराची सुगी असते, आणि प्रत्येक सुगीला वरून आकडा ठरवून दिलेला असतो. सोमवारी ज्या कारखान्याच्या दारात जाहिरात मागायची, त्याच कारखान्याच्या सांडपाण्याची बातमी मंगळवारी द्यायची! मी विचारले, "काका, छापू नका असं कोण सांगतं?" ते हसले. "कोण सांगत न्हाई गं बाळ. आपलं आपल्याला कळतंय की."

माझ्या मते या एका वाक्यात सगळे आले. आपण सेन्सॉरशिप म्हटली की आणीबाणी आठवतो. इथे कोणी कात्री घेऊन बसलेला नाही, फोन नाही, धमकी नाही. खोटे छापले जाते असेही फारसे नाही. एक बातमी लिहिलीच जात नाही, एवढेच. आणि न लिहिलेली बातमी कोणत्याही वाचनालयात सापडत नाही, म्हणून तिचा पुरावाही राहत नाही. याचा दोष त्या काकांवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. ज्याचे पोट जाहिरातीवर आणि नाव बातमीवर, अशी ज्याची विभागणी मालकांनी करून ठेवली आहे, त्याच्याकडून आपण किती शौर्याची अपेक्षा करावी?

ही गोष्ट खालच्या पातळीवरच घडते असे मात्र समजू नये. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत प्रतिस्पर्धी दैनिकांमध्ये शब्द न् शब्द सारखे असलेले स्तुतिलेख बातमी म्हणून छापून आले, आणि पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये ते चव्हाट्यावर मांडले. प्रेस कौन्सिलने दोघांची उपसमिती नेमली. तिने २०१० साली नावानिशीवार अहवाल दिला, तर कौन्सिलने तो बाजूला ठेवून आटोपशीर अहवाल काढला! मूळ अहवाल २०११ मध्ये माहिती अधिकारातून खुला झाला. बातम्या छापणाऱ्यांविषयीची ही बातमी किती मराठी दैनिकांनी पहिल्या पानावर घेतली असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. पूर्ण पानाची जाहिरात पहिल्या पानावर पाहून आपण नाके मुरडतो, पण ती तरी उघड असते. लंडनचे 'टाइम्स' ३ मे १९६६ पर्यंत पहिल्या पानावर छोट्या जाहिरातीच छापीत असे, आणि त्याच्या प्रतिष्ठेला त्यामुळे बाध आला नाही. भीती उघड जाहिरातीची नाही. बातमीचा सदरा घालून आलेल्या जाहिरातीची आहे. ती छापताना कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'जाहिरात' किंवा त्याहून गुळमुळीत काही लिहिलेले असते. जाहिरात बातमीपासून स्पष्ट वेगळी दिसावी, हा प्रेस कौन्सिलचा दंडक आहे. 'स्पष्ट' म्हणजे किती पॉइंटचा टाइप, ते ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवले आहे.

चहाच्या गाड्यावरच्या त्या पानाकडे पुन्हा येते, कारण खरे नुकसान तिथे होते. माझ्या चुलत भावाने 'नामांकित कंपनीसाठी' अशी जाहिरात वाचली. कंपनीचे नाव नाही, पत्ता नाही, फक्त मोबाइल नंबर. गेला, तर हमरस्त्यालगतच्या एका खोलीत नोंदणी फी घेतली, पावती दिली, फोन करतो म्हणाले. अजून फोन यायचा आहे. त्या पानाच्या तळाशी सूचना असतेच : जाहिरातीतील मजकुराची वाचकांनी स्वतः खातरजमा करून घ्यावी. खातरजमा करायची कशी? नाव छापले असते तर कारखान्याच्या गेटवर जाऊन विचारता आले असते! ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात जाहिरात छापणाऱ्याला त्याच कायद्यात संरक्षणही आहे. ठीक आहे, रोज शेकडो जाहिराती कोण तपासणार? पण नोकरीच्या जाहिरातीत मालकाचे अथवा ठेकेदाराचे नाव आणि पत्ता नसेल तर ती घ्यायची नाही, एवढा नियम काउंटरवरचा माणूसही पाळू शकेल. ओळीमागे मिळणारे थोडे पैसे जातील, दुसरे काही नाही.

यापुढचे पान तर कोणीच वाचत नाही : जाहीर नोटिसांचे. तेच आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. बँकेने थकलेल्या कर्जापायी कारखान्याचा शेड ताब्यात घेतला, तर सरफेसी कायद्याखालच्या २००२ च्या नियमांप्रमाणे सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत ताबा नोटीस द्यावी लागते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले. त्या शेडमध्ये काम करणाऱ्याला आपली नोकरी जाणार हे कळायची पहिली जागा ही नोटीस असू शकते. मोठ्या प्रकल्पासाठी पर्यावरणाची जनसुनावणी घ्यायची तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेच्या दैनिकात जाहीर करून किमान तीस दिवसांची मुदत द्यावी लागते. औद्योगिक वसाहतीच्या आतल्या प्रकल्पांना या सुनावणीतून सूट मिळू शकते. तरी मंजुरी मिळाल्याची जाहिरात मात्र दोन स्थानिक पत्रांत द्यावीच लागते. आणि रोजची ती वकिलांची नोटीस : अमुक गट नंबरची मिळकत आमचे अशील खरेदी घेत आहेत, कोणाचा हक्क असल्यास इतक्या दिवसांत कळवावे, अन्यथा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल. अशा नोटिशीने कोणाचा हक्क आपोआप बुडत नाही. पण मुदत टळल्यावर भांडायला उभ्या राहणाऱ्या बहिणीला 'तेव्हा का बोलला नाहीत' हे ऐकावे लागते. वसाहतीभोवती जमिनीला सोन्याचे मोल आले आहे, सातबाऱ्यावर बहिणींची नावे आहेत, आणि लग्न होऊन सीमेपलीकडे निपाणीला किंवा चिकोडीला दिलेल्या बहिणीच्या घरी तो पेपर येत नाही. नियमाप्रमाणे तिला कळविलेले असते.

ही नोटीस बारीक टाइपात, कायद्याच्या भाषेत असते, आणि ती द्यावी लागणाराच वर्तमानपत्र निवडतो. कळावे म्हणून पैसे खर्च करणारा जाहिरातदार मोठी अक्षरे घेतो. कळविल्याचे दाखविण्यासाठी पैसे खर्च करणारा सर्वांत स्वस्त जागा घेतो.

भाषेचे विद्यार्थी म्हणून आपल्याला इथे काम आहे. कागल आणि हातकणंगले तालुक्यांतल्या गावांची नावे असलेल्या नोटिसा रोज कापून ठेवायच्या, प्रत्येकीखाली दोन ओळींत साध्या मराठीत अर्थ लिहायचा, आणि तो कागद त्या-त्या गावच्या मुलामुलींनी ग्रामपंचायतीच्या फलकावर नेऊन लावायचा. वर्तमानपत्रे आपल्या वाचनकक्षात येतातच. ग्रंथपालांनी दाराजवळचा एक फळा द्यायचे कबूल केले आहे. कात्री आणि डिंक आमचा. कायद्याच्या भाषेचा अर्थ लावताना अडेल तिथे राज्यशास्त्राच्या सरांना विचारू. नोकरीच्या जाहिरातींसाठी त्याच फळ्याचा डावा भाग ठेवला आहे. त्यावर नाव-पत्ता नसलेली जाहिरात लागणार नाही.